तबेल्याकडचा खांब

थॉर्नवेल,
१४ ऑक्टोबर १७८७

अँब्रोज,

पत्र बघून दचकू नकोस, कोणी मेलेलं नाही. पण तुझ्या बहिणीनं अडुसष्टाव्या वर्षी लेखणी हातात घेतली म्हणजे काहीतरी बिनसलंय, एवढं तुला कळेलच.

तू बांधलेल्या हवेलीच्या दर्शनी खांबांचे पापुद्रे निघायला लागलेत. चारांपैकी तीन खांबांचे. गेल्या हिवाळ्यातल्या थंडीनं सुरुवात केली, आणि आता मधल्या एका खांबाला वरपासून खालपर्यंत अशी चीर गेलीय की त्यात माझं बोट जातं. धाकट्या साहेबांनी, सर माइल्सनी, पुढचं दार बंद करून टाकलंय. छताला लाकडी टेकू दिलेत. ज्या दारातून आत शिरावं म्हणून चार परगण्यांतले लोक गाड्या जुंपून यायचे, तिथं आता कोंबड्या बसतात.

लंडनहून एक तपासनीस आणला होता. आठ दिवस शिडीवर चढत-उतरत होता आणि हवेलीतलं मटण हाणत होता. शेवटी काय शोधून काढलं, तर म्हणे दगडाचे थर उभे लागलेत! आता हे काय शोधायचं? आमच्या गावात शेंबड्या पोराला ठाऊक आहे की दगड खाणीत जसा निजला होता तसाच बांधकामात निजवायचा. उभा केलास की पावसापाण्यानं त्याचे थर वहीच्या पानांसारखे सुटत जातात. आणि आमच्या खाणीतला थर चार फुटांपेक्षा जाड नाही, मग अठरा फुटी अखंड खांब म्हटलं की तो उभाच करावा लागणार, दुसरा इलाजच नाही.

ठपका ठेवला कुणावर? तुझ्यावर नाही, माझ्या नवऱ्यावर, ओबेदवर. ‘दगडाची पारख पाथरवटाची. नकाशा काढणारे लॅथबरीसाहेब लंडनला, त्यांना खाणीतलं काय कळणार? हर्ननं सांगायला हवं होतं, आणि त्यानं सांगितलं नाही.’ हे सगळं कारभारी प्रूएटनं आमच्या दारात उभं राहून वाचून दाखवलं. सर माइल्सचा हुकूम असा, की येत्या लेडी डेला, पंचवीस मार्चला, आम्ही घर आणि दगड घडवायचा अड्डा दोन्ही सोडायचं. थोरल्या साहेबांनी, त्यांच्या वडिलांनी, ओबेदला आणि त्यामागं आमच्या मुलाला, ईनकला, हयातभर दिलेली जागा. जिल्ह्यात ईनकला आता कोण काम देईल?

पण खरं सांगू, घराचं नाही रे एवढं. ओबेद शहात्तर वर्षांचा आहे. छातीत दगडाची भुकटी बसलीय, मे महिन्यापासून उंबरा ओलांडला नाही. डोळ्यांनी उजेड-अंधार तेवढा कळतो. ज्या माणसानं साठ वर्षांत एक दगड वाकडा बसवला नाही, त्याला शिकाऊ उमेदवारसुद्धा करणार नाही अशी चूक गळ्यात बांधून मरायची पाळी आलीय. जेवत नाही. भिंतीकडं तोंड करून पडतो.

त्यानं सांगितलं होतं, अँब्रोज. माझ्याच स्वयंपाकघरात, १७६१ च्या फेब्रुवारीत. तू बसला होतास, मी तुला रस्सा वाढत होते. तू काय उत्तर दिलंस ते मी इथं लिहीत नाही, तुला आठवत असेल. तेवढंच सर माइल्सना कळव. ‘त्यानं मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.’ एक ओळ.

मी हे लिहितेय ते ओबेदला माहीत नाही.

तुझी बहीण,
टॅबिथा

*

बाथ,
२ नोव्हेंबर १७८७

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचून फार वाईट वाटलं. लगेच उत्तर देणार होतो, पण पायाच्या सुजलेल्या अंगठ्यानं दोन आठवडे अंथरुणाला खिळवलं. इथले वैद्य गरम पाण्यात बसवतात आणि मग दारू सोडा म्हणतात. दोन्हींपैकी एकच काहीतरी करा म्हटलं.

हर्नची तब्येत ऐकून काळजी वाटते. सोबत चहाचा डबा आणि एक डझन संत्री पाठवतोय. संत्र्याचा रस कोमट करून द्यावा, छाती मोकळी होते.

खांबांबद्दल. ताई, सव्वीस वर्षं झाली गं. त्या साली मी एकाच वेळी तीन घरं बांधत होतो, घोड्यावर जेवत होतो आणि घोड्यावर झोपत होतो. कोण कुठल्या टेबलाशी काय बोललं ते आता कसं आठवावं? हर्न काहीतरी कुरकुरला असेल, पाथरवट कुरकुरतातच. पण तो प्रामाणिक माणूस आहे हे मी कधीही, कुठंही सांगेन.

तुला एक आनंदाची गोष्ट सांगायची राहिली. माझ्या अठरा घरांच्या नकाशांचा ग्रंथ निघतोय. तांब्याच्या पत्र्यांवर कोरून झालाय, उन्हाळ्यात छापून येईल. आणि पहिलं पान कुठलं असेल? आपलं थॉर्नवेलच! खाली लिहिलंय: ‘चार अखंड पाषाणांचे खांब, इंग्लंडात यासारखे दुसरे नाहीत.’ वखारवाल्या लॅथबरीच्या पोरानं एवढं केलं, बाबा असते तर त्यांना बरं वाटलं असतं.

सर माइल्सना मी योग्य शब्दांत लिहितो. तू काळजी करू नकोस.

तुझा,
अँब्रोज

*

थॉर्नवेल,
२० नोव्हेंबर १७८७

अँब्रोज, माझ्या बाळा,

तुझं पत्र हवेलीवर पोचलं! प्रूएटच्या बायकोनं चर्चबाहेर सांगितलं, बाथहून जाड कागदाचं पत्र आलंय आणि साहेबांनी दोनदा वाचलं म्हणे. मी धावतच घरी आले, या वयात, चिखलातून. राहवेना, ओबेदला सांगून टाकलं. म्हटलं, अँब्रोजनं लिहिलंय सगळं. त्यानं भिंतीकडचं तोंड वळवलं. मग हळूच म्हणाला, ‘लिहिलंन?’ आणि उठून बसला. संध्याकाळी दोन वाट्या सूप प्यायला, पावाचा तुकडा बुडवून खाल्ला, आणि ईनकला हाक मारून एका छिन्नीला धार नीट नाही म्हणून चांगला अर्धा तास झापला. मी चुलीपाशी उभी राहून डोळे पुसत होते.

माझं तोंड कडू आहे, मला ठाऊक आहे. पहिल्या पत्रात जास्त बोलले असेन तर सोडून दे. आई गेल्यावर तुला मांडीवर घेऊन वाढवलंय, तेवढा हक्क समज. ‘हर्न’ म्हणालास तेवढं मात्र खटकलं. पंचेचाळीस वर्षं माझा नवरा आहे तो, तुझ्या कामावरचा मजूर नव्हे. पण जाऊ दे.

संत्री गोड निघाली. देव तुझं भलं करो.

टॅबिथा

*

थॉर्नवेल,
९ डिसेंबर १७८७

अँब्रोज,

काल मी हवेलीवर गेले होते. आभार मानायला. सर माइल्सना आता हुकूम मागे घेतल्याचं लिहून द्या म्हणायला. प्रूएटनं माझ्याकडं असं बघितलं, की एखाद्या वेडीकडं बघावं. मग कपाटातून तुझं पत्र काढलं आणि वाचलं.

‘हर्न हा प्रामाणिक परंतु अशिक्षित कारागीर असून त्या काळी मी बहुतांश लंडनमध्ये असल्याने त्याच्या हातून काय घडले याची मला प्रत्यक्ष माहिती नाही. त्याचे वय पाहून दया दाखवावी.’

दया! तुझी दया घाल चुलीत. मी तिथून घरी कशी आले ते मला आठवत नाही. ओबेद दाराकडं तोंड करून बसला होता. म्हणाला, ‘काय म्हणाले?’ आणि मी, देवा क्षमा कर, मी म्हटलं, ‘साहेब गावाला गेलेत, आल्यावर बघतील.’ तुझ्यापायी मी माझ्या नवऱ्याशी खोटं बोलले.

आता ऐक. जी गोष्ट मी कुणाला सांगणार नाही म्हणून बायबलावर हात ठेवलाय ती तुला सांगते. शपथ मोडली तर मोडली. भावाला सांगणं म्हणजे गावात सांगणं नव्हे, असं मी देवाला सांगेन.

तुझे चार अखंड खांब चार नाहीत. तीन आहेत.

१७६१ च्या जूनमध्ये चौथा दगड खाणीवरून येताना ओढ्याजवळ गाडीचा आस तुटला आणि दगड मधोमध फुटला. तू लंडनला. महिन्याभरात थोरल्या साहेबांकडं ड्यूक येणार होता, तुझे खांब बघायला. दुसरा दगड काढायला हिवाळा गेला असता. तुझं पहिलं मोठं काम, आणि थोरले साहेब कसे होते ते तुला ठाऊक. हाकलून दिलं असतं तुला, आणि पुढची सतरा घरं तू कुणाच्या स्वप्नात बांधली असतीस. ओबेद त्या फुटक्या दगडावर बसून राहिला दुपारभर. मग उठला, दगडाचे पाच तुकडे केले, एकेक नीट थरावर निजवला, जसा निजवायला हवा तसा. एकावर एक ठेवून मधे वाळू आणि पाणी घालून इतके घासले, की सांध्यात केस जाणार नाही. भोवती ताडपत्री लावली होती, उन्हानं दगड तापू नये म्हणून असं सगळ्यांना सांगितलं. सांध्यांवर फाटलेल्या दुधाचा चोथा, चुना आणि दगडाची भुकटी कालवून मी स्वतः बोटानं भरली. माझ्या तीन गायींचं दूध गेलं त्यात.

तुलाही सांगितलं नाही. ओबेद म्हणाला, ‘अँब्रोजला खोटं बोलता येत नाही, त्याला खरं समजूनच बोलू दे.’ बघ, कुणाबद्दल म्हणाला ते.

तो खांब आज शाबूत आहे. बाकीचे तीन तुझे.

त्यानं तोंड उघडलं तर त्याचं नाव आज सुटतं. उघडत नाही. म्हणतो, अँब्रोजचं नाव त्या चार खांबांवर उभं आहे. आणि मला शपथ घातलीय. तू मोकळा आहेस. तुला कुणी शपथ घातलेली नाही.

टॅबिथा

*

बाथ,
२१ डिसेंबर १७८७

ताई,

दोन दिवस मी तुझं पत्र हातात घेऊन बसलो होतो. हे तुम्ही काय केलंत? सव्वीस वर्षं! सव्वीस वर्षं मी सरदारांच्या जेवणावळीत, राजाच्या माणसांसमोर छाती पुढं काढून ‘चार अखंड पाषाण’ म्हणत आलो, आणि तुम्ही दोघं तुमच्या चुलीपाशी बसून हसत होतात?

मला कळवायला हवं होतं. तो माझा निर्णय होता. माझं घर होतं. माझ्या घरात माझ्या पाठीमागं, माझ्या नावाखाली, एक खोटा खांब! आणि आता मी तो जगासमोर उघडा करावा म्हणतेस. ग्रंथाचे पत्रे कोरून तयार आहेत. वर्गणीदारांत दोन बिशप आहेत. तुला कळतंय का, की हे बाहेर आलं तर ओबेद नुसता चुकलेला ठरणार नाही, लबाडही ठरेल? सर माइल्स म्हणेल, माझ्या बापाला फसवलंत. मी गप्प बसतोय ते तुमच्याही भल्याचं आहे.

मला आता याहून लिहवत नाही.

अँब्रोज

कोणता खांब आहे तो?

*

थॉर्नवेल,
६ जानेवारी १७८८

तबेल्याकडचा.

तूच एकदा पाहुण्यांना घेऊन आला होतास आणि त्याच खांबावर हात मारून म्हणाला होतास, ‘हा बघा, हा चौघांत देखणा.’ ओबेद तेव्हा पायऱ्यांवर टोपी हातात धरून उभा होता. घरी येऊन म्हणाला, ‘त्याची नजर मात्र खरी आहे हो.’ हसला नाही, अँब्रोज. आम्ही कधीच हसलो नाही. अभिमान वाटला होता त्याला, तुझ्या नजरेचा.

लबाड ठरला तरी चालेल. लबाड माणूस निदान आपलं काम जाणत असतो.

ओबेदला रात्री बसूनच झोपावं लागतं आता. पायांना सूज आलीय. रोज विचारतो, साहेब आले का गावाहून.

टॅबिथा

*

बाथ,
११ फेब्रुवारी १७८८

प्रिय ताई,

महिनाभर लिहू शकलो नाही. आजारी नव्हतो. आजारी होतो असं लिहिणार होतो.

सगळं आठवतं मला. पहिल्या पत्राच्या वेळीही आठवत होतं. फेब्रुवारी होता, खिडकीवर बर्फ होतं, तू मटणाचा रस्सा वाढला होतास आणि त्यात सलगम जास्त होतं. ओबेदनं टेबलावर खाणीतला एक कपचा ठेवला, नखानं त्याचा थर उलगडून दाखवला आणि म्हणाला, ‘अँब्रोज, याला उभा करू नकोस, तुकड्यांत करू, मी असे सांधे बसवीन की तुलाही दिसायचे नाहीत.’ आणि मी म्हटलं, ‘पाथरवटानं हात चालवावा, डोकं मी चालवतो.’ तुझ्यासमोर म्हटलं. त्यानं तो कपचा उचलून खिशात टाकला आणि जेवत राहिला.

मला अखंड खांब का हवे होते सांगू? इटलीत मी अखंड खांब बघितले होते, संगमरवराचे. एवढंच. मला वाटलं, ते इथं उभे केले की कोणी विचारणार नाही हा वखारवाल्याचा पोरगा कुठला. आणि खरंच कोणी विचारलं नाही. त्या एका दारातून मी अठरा घरांत गेलो. दरवर्षी उन्हाळाभर एका हवेलीतून दुसऱ्या हवेलीत, कारकुनाच्या खोलीत मुक्काम, नोकरांच्या आधी आणि पाहुण्यांच्या नंतर जेवण. लग्नाला सवड झाली नाही. इथं भाड्याच्या दोन खोल्यांत माझ्याजवळ नकाशांची पेटी आहे, आणि त्या ग्रंथाचं पहिलं पान. ते काढलं तर मागं काय उरतं ते मी मोजत बसलो होतो, ताई. म्हणून महिना गेला.

सोबत सर माइल्सच्या नावे पत्र आहे. त्यात सगळं आहे: ओबेदनं सांगितलं होतं, मी झिडकारलं, आणि जो एक खांब त्याच्या अकलेवर सोडला गेला तो तबेल्याकडचा, थरावर निजवलेल्या पाच तुकड्यांचा, तो शाबूत आहे. पाकीट उघडं ठेवलंय. वाच. आणि मग तुला योग्य वाटेल ते कर. हवेलीवर दे, नाहीतर जाळून टाक. मी तुझ्या हातात सोपवतो.

तुझा,
अँब्रोज

*

थॉर्नवेल,
१८ फेब्रुवारी १७८८

अँब्रोज,

पत्र परत पाठवतेय. जाळलं नाही, दिलंही नाही.

शहाणाच आहेस! भावाला बुडवायचं की नवऱ्याला, हे मी ठरवू? म्हणजे उद्या ‘माझ्या बहिणीनं माझं नाव घालवलं’ म्हणायला तू मोकळा. नाही रे बाबा. डोकं तू चालवतोस ना? मग चालव. टपालचौकी तुझ्याही रस्त्यावर असेल.

लेडी डेला पाच आठवडे आहेत. ओबेदला तेवढे असतील की नाही, ठाऊक नाही.

टॅबिथा

*

बाथ,
३ मार्च १७८८

ताई,

टाकलं. मी स्वतः गेलो, काठी टेकत. दुसरं पत्र छापखान्याला लिहिलं: थॉर्नवेलचं पान काढून टाका. ते म्हणतात, मग ग्रंथच नको.

ओबेदला सांग, माझं ऐकून ठेव म्हणावं: त्यानं सांगितलं होतं.

अँब्रोज

*

थॉर्नवेल,
७ एप्रिल १७८८

अँब्रोज,

ओबेद गेला. परवा शनिवारी, सकाळी नवाच्या सुमाराला. आज त्याला पुरून आलो. ईनकनं आणि अड्ड्यावरच्या माणसांनी खांदा दिला, हवेलीकडून सर माइल्स स्वतः आले होते आणि डोक्यावरची टोपी काढून शेवटपर्यंत उभे होते. आता तुला लेडी डेचं सांगायला हवं, कारण ते झालं नसतं तर कबरीवर साहेब उभे राहिले नसते.

तुझं पत्र मिळाल्यावर सर माइल्सनी लंडनचा तपासनीस पुन्हा बोलावला. पंचवीस तारखेला, ईस्टरनंतरच्या मंगळवारी, आम्हाला सगळ्यांना पुढच्या दारापाशी बोलावलं. ओबेद म्हणाला, मीही येणार. ईनकनं आणि दोघांनी त्याला खुर्चीतून उचलून नेलं. दहा महिन्यांनी बाहेर पडला. वाटेत तोंड वर करून वारा घेत होता.

साहेबांनी तुझं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. मी ओबेदचा चेहरा बघत होते. ‘हर्न यांनी मला स्पष्ट सांगितले होते, आणि मी त्यांचा अपमान केला,’ इथं आल्यावर त्यानं माझा हात चाचपून धरला. तोवर मी त्याला ते सांगितलं नव्हतं. तुझ्या मागच्या पत्रानं मी एकदा फसले होते, म्हटलं आता कानांनी ऐकल्याशिवाय नाही.

मग तपासनीस शिडी लावून तबेल्याकडच्या खांबावर चढला. चाकूनं खरवडलं, भिंग लावलं, बोटं फिरवली, वरून खाली, खालून वर. अर्धा तास. उतरला आणि हसला. म्हणाला, ‘साहेब, इथं सांधा नाही. हा अखंड आहे, बाकीच्यांसारखाच. लॅथबरीसाहेब म्हातारे झालेत, बहिणीच्या मायेनं स्वतःवर ओढून घेताहेत. थोर मन आहे, पण पुरावा नाही.’

बघ अँब्रोज. खोटं बोललास तेव्हा कोणी शंका घेतली नाही. खरं बोललास तर तुला भ्रमिष्ट ठरवताहेत! आणि सर माइल्स मान हलवत कागद घडी घालायला लागले. मी ओबेदच्या कानाशी वाकले. म्हटलं, ‘सोड मला शपथेतून. आता तरी सोड.’

तो म्हणाला, ‘अँब्रोजनं आपल्या तोंडानं सांगितलं ना? मग मी काय झाकतोय आता?’ आणि मग जोरात, म्हणजे त्याच्या छातीला जमेल तेवढ्या जोरात, तपासनिसाला म्हणाला, ‘चाकू ठेव बाबा खिशात. चाकूनं दिसायचा नाही तो. टॅबी, पाणी आण.’

तबेल्यातून बादल्या आणल्या. ईनकनं शिडीवर चढून खांबाला वरपासून नाहू घातलं. मग ओबेद म्हणाला, ‘आता थांबा.’ ऊन होतं, वाराही चांगला सुटला होता. आम्ही पंधरा-वीस माणसं एका ओल्या खांबाकडं बघत उभी. तपासनीस घड्याळ काढून बघायला लागला. दगड हळूहळू सुकत पांढरा होत गेला, आणि जिथं जिथं मी बोटानं चुना भरला होता तिथं ओल तशीच धरून राहिली. एक काळी बारीक रेघ, खांबाला गोल वेढा घातलेली. मग दुसरी. मग तिसरी, चौथी. पाच तुकडे, चार सांधे.

 ओबेदला काही दिसत नव्हतं. त्यानं विचारलं, ‘सरळ आहेत का?’

तपासनीसच बोलला. म्हणाला, ‘केसाएवढाही फरक नाही, मिस्टर हर्न.’ मिस्टर म्हणाला. माझ्या कानांनी ऐकलं.

सर माइल्सनी तिथंच सांगितलं, घर आणि अड्डा ईनकच्या नावे राहील, आणि पडायला आलेले तीन खांब तोच तुकड्यांत नव्यानं उभे करील. वडिलांना फसवल्याबद्दल चार शब्द बोलले, ते ओबेदनं मान खाली घालून ऐकून घेतले. आणि दारावरची तुझ्या नावाची पाटी त्याच संध्याकाळी उतरवली. मी बघितलं. थांबवलं नाही, हे तुला माझ्याकडूनच कळावं.

पुढचे अकरा दिवस ओबेद नीट जेवला. गावातले म्हातारे पाथरवट येऊन बसायचे, त्यांना तो खांब कसा घासला ते पुन्हा पुन्हा सांगायचा, आणि दर वेळी वाळू थोडी जास्त बारीक होत जायची. शुक्रवारी दुपारी मला म्हणाला, कागद घे. ‘अँब्रोजला लिही, तीन खांबांचा नकाशा त्यानंच काढायचा. ईनकचा हात चांगला आहे, पण खांबाचा मधला हलका फुगवटा कुठं सुरू करायचा आणि कुठं संपवायचा ते त्याला कळत नाही. ते या देशात एकट्या अँब्रोजला कळतं. पाटी नसली तरी काढ म्हणावं.’ मग थोडा वेळ श्वास घेत बसला आणि म्हणाला, ‘आणि मी त्याला माफ केलं असं लिही. लिहिलंस का? पुन्हा लिही, तो एकदा वाचून विश्वास ठेवायचा नाही.’

तर लिहिते. ओबेदनं तुला माफ केलं. ओबेदनं तुला माफ केलं.

मी केलेलं नाही, अँब्रोज. एक ओळ लिहायला तुला साडेचार महिने लागले, आणि तेवढे दिवस तो कधी भिंतीकडं, कधी दाराकडं तोंड करून होता. पुढं कधी करीन की नाही, ते तुझं तोंड समोर बघितल्याशिवाय मला सांगता येणार नाही. ये.

तुझी बहीण,
टॅबिथा